वाचकांचे प्रश्न : हसण्यावारी नेऊ नयेत अशा आठवणी

मागील अंकात आम्ही वाचकांना एक विनंती केली होती. जुने मित्र किंवा मैत्रिणी एकत्र जमल्यावर ज्या आठवणींवर हमखास हशा पिकतो, त्यांविषयी काही शंका असेल किंवा पेच पडला असेल, तर तो आम्हाला कळवावा. पत्रे भरपूर आली, आणि वाचता वाचता असे ध्यानात आले की बहुतेकांत आठवण थोडी आणि तिच्यावरून जुंपलेले भांडण मोठे आहे. त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रे लांबलचक असल्याने ती संक्षेपाने दिली आहेत आणि नावे कोणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न (म्हापशाजवळील एका गावातून) : आमच्या वाड्यावरच्या आम्ही साऱ्या मैत्रिणी, काही हिंदू, काही ख्रिश्चन, नाताळच्या आठवड्यात एकीच्या घरी जमतो. कुस्वारीचे (नाताळच्या फराळाचे) ताट मध्ये आले, नेवऱ्या आणि दोदोल संपत आले, की एक गोष्ट निघतेच. फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) दिवशी एका मुलीच्या फ्रॉकखालच्या कॅनकॅन परकराला आईने पेजेच्या खळीऐवजी साखरेच्या पाण्याची खळ दिली होती. चर्चमध्ये प्रवचन चालू असताना परकराला मुंग्या लागल्या, आणि ती मुलगी सर्वांनी गुडघे टेकले की उठून उभी राहू लागली व सर्व उभे राहिले की खाली बसू लागली. शेवटी पाद्रींनी प्रवचन थांबवून तिच्याकडे पाहिले. ती मुलगी मीच, असे आमच्यातील दोघी ख्रिश्चन मैत्रिणी छातीवर हात ठेवून सांगतात. एकीचा जन्म १९५० चा, दुसरी तिच्याहून अकरा वर्षांनी धाकटी; दोघींची घरे एकमेकींना लागून. यंदा तर दोघी रुसूनच घरी गेल्या. खरी कोणती मानावी?

उत्तर : दोघींपैकी कोणीही खोटे बोलत नसेल, ही पहिली गोष्ट त्या दोघींनाच सांगावी. न्यूझीलंड आणि अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये जुळ्या भावंडांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की एकच प्रसंग 'माझ्याच बाबतीत घडला' असे दोन्ही जुळी अगदी मनापासून सांगतात. आणि हा प्रकार केवळ जुळ्यांपुरता नसून वयाने जवळची भावंडे व मित्र यांच्यातही दिसतो. शेजारच्या घरात घडलेली आणि पुढे दर नाताळला ऐकलेली गोष्ट हळूहळू आपल्या अंगावर चढते, आणि एकदा चढली की मुंग्यांसकट चढते.

तरीही प्रसंग कोणत्या काळातला हे ठरवता येईल. त्यासाठी दोघींना 'तुला किती लाज वाटली' हे विचारण्यात अर्थ नाही. 'तू काय पाहिलेस' हे विचारावे, आणि तेही वेगवेगळे बसवून. मिस (चर्चमधील मुख्य उपासना) म्हणताना पाद्री कोणीकडे तोंड करून उभे होते, हा पहिला प्रश्न. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविधीविषयीचा दस्तऐवज डिसेंबर १९६३ मध्ये संमत केला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत लॅटिनच्या जागी लोकभाषा आली. भाविकांकडे पाठ करून वेदीसमोर उभे राहणारे पाद्री लोकांकडे तोंड करून मिस म्हणू लागले. तुमची थोरली मैत्रीण आठ-दहा वर्षांची होती तेव्हा, म्हणजे १९६० च्या आसपास, मिस लॅटिनमध्येच होत असे. धाकटी त्या वयाची झाली तोवर मिस कोकणीत होऊ लागली होती. प्रवचनाच्या भाषेवरून मात्र काही निष्पन्न होणार नाही, कारण ते लॅटिनच्या काळातही लोकांना कळेल अशाच भाषेत असे. पण प्रवचन कोठून चालले होते, हे विचारून पाहावे. जुन्या चर्चमध्ये बाजूच्या भिंतीला लाकडी कोरीवकामाचे उंच पुल्पित असते, आणि ध्वनिक्षेपक येण्यापूर्वी पाद्री त्यावर चढून बोलत. तेथून खाली कोण चुळबुळ करते आहे हे फार स्पष्ट दिसते, असे ज्यांनी लहानपणी बोलणी खाल्ली आहेत ते सर्व सांगतात.

दुसरा प्रश्न पोटाचा. कोमुन्यांव, म्हणजे मिसेत मिळणारी पवित्र चकती, घेण्याआधी पूर्वी मध्यरात्रीपासून उपाशी राहावे लागे; १९५७ मध्ये हा नियम घन अन्नापुरता तीन तासांवर आणि १९६४ मध्ये एका तासावर आला. त्या सकाळी आपण किती तास उपाशी होतो, हे ज्या मैत्रिणीला सांगता येईल, तिचा काळ त्यावरून ताडता येईल. तिसरा प्रश्न डोक्यावर काय होते, हा. मुली व स्त्रिया चर्चमध्ये डोके झाकून बसत, ती चाल साठचे दशक सरता सरता मोडत गेली, आणि १९८३ च्या धर्मसंहितेत त्याविषयीचा नियमच उरला नाही.

राहिला परकर, आणि आमच्या मते निकाल त्याच्यातच आहे. फ्रॉक छत्रीसारखा फुलवणाऱ्या कॅनकॅनचा काळ म्हणजे पन्नाशीच्या दशकाची अखेर आणि साठीच्या दशकाचा पूर्वार्ध. १९७० च्या सुमारास मुलींचे फ्रॉक आखूड आणि सरळ झाले होते. शिवाय खळ लागते ती घरी शिवलेल्या सुती परकराला. नायलॉनच्या जाळीचा विकतचा परकर आपोआप ताठ राहतो. तेव्हा प्रसंग थोरलीचा असण्याचा संभव फार मोठा. मात्र त्या काळी फेस्ताचा फ्रॉक एका मुलीवर संपत नसे. तो बहिणीकडून बहिणीकडे आणि तेथून शेजारी जाई. धाकटीने तोच परकर पुढे घातला असेल, त्या वेळी 'यालाच मुंग्या लागल्या होत्या' असे तिला सांगितले गेले असेल, आणि बाकीचे काम तिच्या मनाने केले असेल. दोघींना एकत्र बोलावून परकराचा हा प्रवास विचारावा. मुंग्या मात्र कोणीही 'हुमले' (झाडावरच्या तांबड्या मुंग्या) म्हणून सांगू लागली तर विश्वास ठेवू नये. हुमल्यांचे बिऱ्हाड आंब्याच्या पानांत असते, कपड्यांच्या पेटाऱ्यात नव्हे.

प्रश्न (फोंड्याहून) : मी हिंदू. शाळेत असताना ख्रिश्चन मित्राबरोबर नाताळच्या मध्यरात्रीच्या मिसेला गेलो होतो. सर्व जण रांगेत उभे राहिले म्हणून मीही राहिलो आणि पाद्रींनी दिलेली पांढरी चकती प्रसाद समजून खाल्ली. देवळात दुसऱ्यांदा हात पुढे केला तर कोणी नाही म्हणत नाही, म्हणून पुन्हा रांगेत शिरलो, तेव्हा मित्राने कॉलर धरून बाहेर ओढले. आमच्या कंपूत ही गोष्ट वर्षानुवर्षे चालत आली आहे. यंदा शाळेच्या मेळाव्यात ती व्यासपीठावरून सांगणार होतो, तर त्याच मित्राची पत्नी म्हणाली, 'भाऊजी, ही नको.' इतक्या जुन्या मैत्रीत दुखावण्यासारखे यात काय आहे?

उत्तर : तुमच्या मित्राला काहीच नसेल, आणि म्हणूनच तो इतकी वर्षे हसत आला. पण मेळाव्यात तो एकटा नसतो. चर्चच्या शिकवणुकीनुसार मिसेत पवित्रीकरण झाल्यानंतर ती चकती ख्रिस्ताचे शरीर होते. ख्रिश्चन घरातील मुलालाही ती सहजासहजी मिळत नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गाला बसून, पहिले कुमसार (पाद्रींपुढे पापांची कबुली) करून, पांढऱ्या कपड्यांत पहिल्या कोमुन्यांवाला उभे राहिल्यावरच मिळते. प्रसाद आणि कोमुन्यांव यांतील हे अंतर लहान मुलाला ठाऊक नसणे हीच तुमच्या गोष्टीतील गंमत आहे. परंतु ऐकणाऱ्यांत कोणी श्रद्धाळू वृद्ध बाई असेल, तर तिला त्या मुलाचे अज्ञान दिसण्याआधी त्याच्या हातातील वस्तू दिसेल. वहिनींनी तुम्हाला अडवले ते त्या बाईच्या वतीने, असे आम्हाला वाटते.

उलट बाजूने पाहा. चवथीला तुमच्या घरी आलेल्या ख्रिश्चन मित्रांनी काय काय केले असेल, ते आठवा. गणपतीच्या डोक्यावर बांधलेल्या माटोळीतील फळ आरतीपूर्वीच ओढून काढणारा, नैवेद्याचे ताट आपल्यासाठीच वाढून ठेवले आहे असे समजून त्यापुढे मांडी ठोकणारा, तीर्थाला डावा हात पुढे करून ते केसांना चोपडणारा असा एखादा प्रत्येक घराच्या इतिहासात असतो. ती गोष्ट तो स्वतः सांगतो तेव्हा तुमची आजीसुद्धा हसते; तीच तिसऱ्याच माणसाने सभेत सांगितली तर आजी पदर सावरून उठून जाईल.

चर्चविषयी गोष्टी सांगूच नयेत असा याचा अर्थ घेऊ नये. सर्वांत धमाल गोष्टी ख्रिश्चन मित्रच सांगतात, आणि त्या तुम्ही जरूर ऐकल्या असतील. कुमसाराला जाताना सांगायला पापच सापडेना म्हणून पुढच्या मुलाची यादी पाठ करून तीच पाद्रींसमोर म्हणणारी मुले जवळजवळ प्रत्येक गावात होऊन गेली आहेत. तिसऱ्या मुलापर्यंत पोहोचेस्तोवर पाद्रींनाही ती यादी पाठ झालेली असे. लादाइनीच्या (सामुदायिक प्रार्थनेच्या) वेळी खुरसापुढे (क्रुसापुढे) उभे राहून तोंडाने प्रार्थना आणि डोळ्यांनी उकडलेल्या चण्यांची टोपली असा दुहेरी कार्यक्रम चालत असे. या गोष्टी त्यांच्या आहेत, त्यांना सांगू द्या.

गोव्यात या सीमा तशाही फार उंच कुंपणाच्या नाहीत. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला तेल वाहायला हिंदू रांगेत उभे असतात आणि शिरगावची लईराई ही तिची बहीण मानली जाते. मेळाव्यात व्यासपीठावर काही सांगायचेच असेल, तर मित्राला शेजारी उभे करावे आणि कॉलर धरल्यापासूनचा भाग त्याला सांगू द्यावा. तो तयार नसेल तर दुसरी गोष्ट निवडावी.

प्रश्न (मडगावहून) : १९७६ सालचा एक रंगीत फोटो कपाटात सापडला. आम्ही चार मित्र, चौघांचे शर्ट एकाच कापडाचे, कॉलरची टोके खांद्याला टेकलेली आणि पँटच्या बेलबॉटमांखाली बूट दिसतच नाहीत. नातवाने विचारले, 'आजोबा, तुम्ही बँडमध्ये होता का?' त्यात फोटोत शर्ट गुलाबी दिसतो, आणि घरात त्यावरून माझी यथेच्छ चेष्टा चालली आहे. माझ्या आठवणीप्रमाणे तो आकाशी होता. मित्रांच्या पुढच्या भेटीत असे फोटो मांडायचे आहेत. नातवाला काय सांगू आणि मांडणी कशी करू?

उत्तर : घरातील चेष्टा आधी थांबवू. त्या काळातील रंगीत फोटोंचे रंग एकसारख्या वेगाने विटत नाहीत. कागदावरील निळ्या-हिरव्या छटेचा रंग आधी उडतो, लाल तसाच राहतो, आणि अल्बममध्ये अंधारात जपून ठेवलेला फोटोसुद्धा कालांतराने तांबूस होतो. फोटोतील आकाशाकडे किंवा एखाद्या पांढऱ्या भिंतीकडे पाहावे. भिंतही गुलाबी दिसत असेल तर शर्टावरील आरोप मागे घेण्यात यावा. त्याच वर्षांतील काळ्या-पांढऱ्या फोटोंना ही व्याधी नसते, कारण त्यांतील प्रतिमा रंगाची नसून चांदीची असते.

आता बँडविषयी. चौघांचे कापड एकच, याचे कारण बहुधा एखाद्या तारवटी काकाने बोटीवरून आणलेला तागा हेच असावे. गोव्यातील किती तरी घरांतील कर्ते पुरुष बोटीवर किंवा आखातात होते आणि त्यांच्या ट्रंकेतून निघालेल्या एका ताग्यात भाऊ, चुलतभाऊ आणि त्यांचे मित्र असे सर्व झाकले जात. शिंपीही एकच असे. फेस्ताच्या किंवा दिवाळीच्या आधी त्याच्या दुकानात बसून राहावे लागे. उठलो तर आपले कापड खाली जाईल ही भीती.

ते कापड टेरिलीन किंवा टेरिकॉट असणार. टेरिलीन म्हणजे पॉलिएस्टरचा धागा, जो १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये तयार झाला. टेरिकॉटमध्ये त्यात सूत मिसळलेले असते. आज नातवाला ते कापड हातात दिले तर तो नाक मुरडेल, आणि मे महिन्यातील दुपारी त्याचे बरोबरही असेल, कारण पॉलिएस्टर घाम शोषत नाही आणि पाठीला चिकटून बसतो. पण नातवाला गोव्याचा जुलै महिना विचारावा. सुती शर्ट दोरीवर दिवसच्या दिवस दमट राहतो, त्याला कुबट वास येतो, आणि वाळला तरी इस्त्री हवी; इस्त्री म्हणजे त्या काळी अनेक घरांत निखाऱ्यांची, जिच्यातून उडालेल्या ठिणगीने शर्टाचा जीव जाई. रात्री धुऊन सकाळी घालता येणारा आणि इस्त्रीशिवाय चालणारा शर्ट ही त्या तरुणांना चैन वाटली यात नवल नाही. फॅशनचा निम्मा भाग असा पावसाने ठरवलेला असतो, हे फॅशनवर लिहिणारे सहसा सांगत नाहीत.

बेलबॉटम मुळात खलाशांच्या पँटीवरून आलेली, तेव्हा दर्यावर्दी गोव्याने तिचे स्वागत करणे ओघानेच आले. तिच्या मोहरीकडे फोटोत भिंग लावून पाहा. पँट जमिनीवर घासून मोहरी फाटू नये म्हणून शिंपी आतल्या बाजूने काठाला चेनचे दात शिवत, आणि मग ऐटीत चालणारा तो तरुण शाळेच्या किंवा चर्चच्या फरशीवरून गेला की किर्रर असा आवाज येई. मागून कोण येत आहे हे न वळता कळत असे. चौघांपैकी कोणाकडे ती पँट पेटीत शिल्लक असेल तर फोटोशेजारी तीच टांगावी, आणि नातवाला मोहरी इंचपट्टीने मोजू द्यावी.

मांडणीसाठी मूळ फोटो वापरू नये. त्याची प्रत काढून ती लावावी. मूळ फोटोच्या मागे बॉलपेनने लिहिल्यास दाब पुढच्या बाजूला उमटतो, म्हणून मऊ शिसपेन्सिलीने लिहावे, आणि नुसती नावे न लिहिता कापड कोणी आणले, शिवले कोणी, प्रसंग कोणता, हेही लिहून ठेवावे. गोंद आणि चिकटपट्टी यांना फोटोपासून दूर ठेवावे.

प्रश्न (डिचोलीहून) : आमच्या गावात चर्च नाही, त्यामुळे या गप्पांत आम्हाला सांगण्यासारखे काही नाही असे वाटते. आमच्याकडे आहे तो फक्त नरकासुर. चालेल का?

उत्तर : चालेल असे विचारता? दिवाळीच्या आदल्या रात्री बांबू, गवत आणि रद्दी कागद यांचा नरकासुर उभा करून पहाटे तो जाळणारे गाव ज्याला मिळाले, त्याने गोष्टींची वाण सांगू नये. धड आवेशात बांधले आणि वाटेतील विजेच्या तारांखालून ते जाईना, म्हणून मुंडके काढून वेगळे न्यावे लागले, ही गोष्ट तुमच्याकडे नसेल तर शेजारच्या वाड्यावर नक्की असेल. वर आलेल्या टेरिलीनच्या शर्टाचा उत्तरार्धही तुमच्याकडेच आहे. फटाक्याची ठिणगी सुती कापडावर पडली तर ते काळे पडून जळते. पॉलिएस्टर वितळते आणि कडा टणक झालेले छोटे गोल भोक मागे ठेवते. नवीन शर्टाला अशी भोके पाडून घेऊन, पहाटे कारीट फोडताना आईच्या दृष्टीस ती पडू नयेत म्हणून अभ्यंगस्नानानंतर मुद्दाम जुना शर्ट घालणारा आणि पोह्यांच्या पंगतीत 'नवा कुठे आहे' या प्रश्नावर अडकणारा मुलगा तुमच्यापैकी कोण होता, एवढेच आठवायचे आहे. भोके पडलेला तो शर्ट अजून असेल तर भोकाच्या काठावरून बोट फिरवून पाहावे.

प्रश्न (मुंबईहून) : माझे आजोळ गोव्यातील साष्टीतले. मे महिन्यात आम्ही सारी मावस-मामे भावंडे आणि वाड्यावरचे मित्र एकत्र असायचो. आता कोणी लंडनला, कोणी आखातात. फोनवरील गटात आठवणी काढू म्हटले तर 'काय दिवस होते ते!' असे एक-दोघे लिहितात, चार जण फुले पाठवतात आणि विषय संपतो. गप्पा रंगाव्यात कशा?

उत्तर : 'बालपण' हा विषय दिला तर उसासेच मिळणार. वस्तू विचारावी. काजूच्या बोंडूचा डाग हा प्रश्न टाकून पाहा: कोणाच्या कोणत्या कपड्यावर तो पडला आणि मुंबईला परतल्यावर घरी काय उत्तर दिले? हा डाग धुऊन जात नाही, त्यामुळे तो विसरलाही जात नाही. दुसऱ्या आठवड्यात येण्याचा प्रवास घ्यावा. १९९८ मध्ये कोकण रेल्वे मुंबईपासून सलग धावू लागण्यापूर्वी कोणी बोटीने पणजीला उतरत, कोणी मिरज-लोंढ्यावरून गाडी बदलत दूधसागरच्या घाटाने येत, आणि सामानात कोण काय विसरले याचा हिशेब प्रत्येक घरात अजून चालू असतो. तिसऱ्यांदा, पुरुमेंताच्या फेस्तात (पावसाळ्याची बेगमी करण्याच्या बाजारात) आजीने घेतलेल्या सुक्या मासळीच्या पिशवीवर कोण बसले, हे विचारावे. एका वेळी एकच वस्तू, आणि उत्तर लिहून न मागता बोलून पाठवायला सांगावे. साष्टीच्या माणसाची अर्धी गंमत त्याच्या हेलात असते.

प्रश्न (वास्कोहून) : आमचा शाळेतील मित्रांचा कंपू दामोदर सप्ताहाच्या निमित्ताने दरवर्षी भेटतो. एक जुनी आठवण आहे. सांजावच्या (सेंट जॉनच्या सणाच्या) दिवशी, २४ जूनला, डोक्यावर फुलापानांची कोपेलां घालून आम्ही पोरे वाड्यावरच्या विहिरींत उड्या टाकत फिरत होतो. एका मित्राने नवी कोरी बेलबॉटम न बदलता उडी मारली. खालून हवा शिरून दोन्ही पाय फुगले आणि पाण्यावर फक्त त्याचे बूट आणि मोहऱ्या दिसू लागल्या. काठावर आम्ही पोट धरधरून हसलो. त्याला वर यायला बराच वेळ लागला. तेव्हापासून त्याचे नाव 'फुगो' पडले. गेली काही वर्षे तो भेटीला येत नाही. कोणीतरी म्हणाले की त्याला ते नाव आवडत नाही. इतक्या वर्षांच्या नावाचा आता राग? नाव सोडावे का?

उत्तर : नाव आजच सोडावे, त्यासाठी आमच्या उत्तराची वाट पाहण्याचे कारण नाही. पण तुमच्या पत्रातील एक वाक्य आम्ही पुन्हा पुन्हा वाचले: त्याला वर यायला बराच वेळ लागला.

काठावरून तुम्हाला जे दिसले ते पाण्यातून कसे होते, याचा विचार करा. मांडीला घट्ट आणि खाली रुंद असलेल्या त्या पँटीत उडीच्या वेळी हवा कोंडली, म्हणून पाय वर राहिले. पाय वर म्हणजे डोके खाली. जूनमधील विहीर पावसाच्या पाण्याने भरत आलेली, पाणी गढूळ, कठडा निसरडा. पोहता येणाऱ्यालाही अशा स्थितीत उलटे व्हायला अवघड जाते, आणि त्याला पोहता येत होते की नाही हे तुम्ही लिहिलेले नाही. तुमच्या आठवणीत ती सांजावची सर्वांत मोठी मौज असेल. त्याच्या आठवणीत ती बुडण्याची आणि वरून ऐकू येणाऱ्या हशाची असू शकेल, आणि नंतर हाक मारणाऱ्या प्रत्येकाने तोच हशा त्याला पुन्हा ऐकवला असेल. त्या दिवशी तुम्ही मुले होता, कोणी दुष्टपणाने हसले नाही, हे खरेच. पण गोष्ट इतकी वर्षे एकाच बाजूने सांगितली गेली, हेही तितकेच खरे.

त्याला निरोप गटावर टाकू नये. तुमच्यापैकी जो त्याच्या सर्वांत जवळचा, त्याने फोन करावा किंवा सरळ घरी जावे, शाळेत त्याला ज्या खऱ्या नावाने हाक मारत त्याच नावाने बोलावे, आणि माफीचे लांब भाषण करत बसू नये. 'त्या दिवशी विहिरीत नक्की काय झाले ते तू आम्हाला कधी सांगितलेच नाहीस' एवढे म्हणून गप्प बसावे. तो हसून टाळेल, तर टाळू द्यावे. सांगू लागला, तर मध्येच तुमची बाजू घालू नये. त्याला पाण्यातून कोणी बाहेर काढले, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. तेवढे मात्र त्याला जरूर विचारावे.